सगळ्यांनाच सी

जवळजवळ सज्जन माणूस पुरत्या सज्जनापासून किती लांब असतो? संशोधिकेचा प्रबंध म्हणे, फार नाही. फक्त तिथे माणसांऐवजी ऑपरेटर नावाच्या गणिती क्रियांची बीजगणितं होती आणि सज्जनपणाऐवजी गुणाकार. गुणाकार जवळजवळ पाळणारं फलन एखाद्या काटेकोर पाळणाऱ्याच्या शेजारीच राहतं, बीजगणित केवढंही अवाढव्य असो. याला म्हणायचं स्थैर्य. त्यावर तिनं पाच वर्षं घासली होती, आणि आज अकराला तोंडी परीक्षा होती. पदवी तिथेच ठरायची.

साडेनऊला आत्या तिच्या कोटाची शिवण उसवत बसली होती. आत्याचा धंदाच शिवणाचा.

"ढगळ आहे. थोडा आत घेते."

"माझं प्रमेय हेच सांगतं, आत्या. जवळजवळ बसणारा कोट थोडक्यात नीट बसतो."

"थोडक्यात म्हणजे किती गं?"

"सी इतका. ठरलेला आकडा."

"बाहुलीला तेवढाच नि पैलवानालाही तेवढाच?" आत्यानं दातानं दोरा तोडला. "शिकलेल्यांचं बरं असतं बाई."

संशोधिका हसली. मग हसू थांबलं आणि तिनं प्रबंध उघडला.

गणितवाल्यांची एक खोड असते. ओळीओळीला आकडा बदलतो, पण नवं नाव द्यायचा कंटाळा, सगळ्यांनाच सी. एका घरात सात भाऊ, सातही बाळ्या. बेचाळिसाव्या पानावरचा बाळ्या बीजगणिताच्या आकाराबरोबर फुगत होता, आणि त्रेचाळिसाव्यावर साळसूदपणे ठरलेला आकडा होऊन बसला होता. अवाढव्य बीजगणितांची सिद्धता तिथेच झोपली.

मार्गदर्शक सर परीक्षेच्या खोलीबाहेर भेटले. सगळं ऐकून म्हणाले, "गप्प बस. पाच वर्षं मला दिसलं नाही, परीक्षकबाईंना तासात काय दिसणार?"

"मला दिसलंय ना, सर."

"तुझं तू बघ. पदवी गेली तर माझ्याकडे रडत येऊ नकोस."

आत जाऊन तिनं फळ्यावर मुख्य प्रमेय लिहिलं आणि म्हणाली, "हे मी मागे घेते." मग चूक ओळीनं मांडली. गजेंद्राला सोडवणारा आता छतातून उतरेल, अशा आशेनं सर वर बघत राहिले. कुणी उतरलं नाही.

परीक्षकबाईंनी चष्मा काढला. "मी हे दोनदा वाचलं. माझ्या गेल्या पेपरात वापरलंसुद्धा."

सरांचा चेहरा उजळला. बुडताना सोबत मिळाली की माणसाला धीर येतो.

"आकाराला मर्यादा घातली तर काय टिकतं?" बाईंनी विचारलं.

"दुसरं आणि तिसरं प्रकरण. चौथं गेलं."

"दाखवा."

तिनं दाखवलं. पाऊण तास लागला. बाईंनी शीर्षकातला 'सर्व' खोडला, 'मर्यादित आकाराच्या' असं वर लिहिलं. "तीन महिन्यांत दुरुस्त प्रत द्या. पदवी द्यायला माझी हरकत नाही."

सरांनी घाईघाईनं डस्टर उचललं.

"पुसू नका हो," बाई वही उघडत म्हणाल्या, "माझा पेपर मागे घ्यायचं पत्र मला इथूनच उतरवायचंय."