परकी चाल

"सर, उंच उडीचा शेवटचा पुकारा झाला की ओ! तुमची पोरगी कुठाय?"

उंच उडीच्या पंचांनी हाक दिली तेव्हा आकाराम चौगले सर मांडवामागे बसून एका मुलीच्या आखडलेल्या पोटरीवर बर्फ चोळत होते. त्यांनी बर्फाची पिशवी तिच्याच हातात दिली, "चोळत ऱ्हा, थांबवू नको" असं बजावलं आणि उठले. उंच उडीवाली राजनंदिनी चहाच्या गाड्यापाशी सापडली. तिला दटावून पिटाळलं. येता येता भालाफेकीच्या पंचांना लांबूनच ओरडून सांगितलं, "राजवीर आमचाच हाय, त्याचं नाव कापू नका!" मग खिशातला फोन वाजायला लागला. प्राचार्यांचा होता. तो कानाला लावूनच ते पुढच्या कामाला लागले.

विद्यापीठाच्या आंतरविभागीय स्पर्धांचा दिवस होता. कॉलेजचा जिमखाना म्हणजे चौगले सर एकटेच. पळणारे, फेकणारे, उड्या मारणारे सगळे त्यांच्याच गळ्यात. दिवाळी झाली की त्यांचा हंगाम सुरू व्हायचा तो परीक्षा तोंडावर येईपर्यंत. सर राहायला कसबा बावड्यात. तिथले लोक म्हणायचे, साखर कारखान्याचं धुराडं आणि चौगले सर एकाच महिन्यात पेटतात आणि एकाच महिन्यात विझतात. सरांना ते ऐकायला आवडायचं.

पिस्तूल वाजलं. दहा किलोमीटर चालण्याची मुलींची शर्यत सुटली होती. सरांनी फोन बंद केला आणि हातातलं सगळं टाकून कठड्याकडे धावले. बाकीचं काहीही चुको, सुष्मिताची ही शर्यत त्यांना चुकवायची नव्हती. इथे पहिली आली की ती अखिल भारतीय स्पर्धेला जाणार होती. कॉलेजमधून चालण्याच्या शर्यतीत तिथवर आजतागायत एकच जण पोचला होता, आणि तोही सरांचाच विद्यार्थी.

पहिल्या फेऱ्यांत सगळ्या मुली घोळक्यात होत्या. मग घोळका विस्कटला आणि सुष्मिता एकटी पुढे निघाली. ती वळणावर आली तेव्हा सरांनी कपाळावरची टोपी खाली ओढली. त्यांना वाटलं, ऊन डोळ्यांवर येतंय, म्हणून नीट दिसत नाही. ती समोरून गेली. सर तिच्या पाठीकडे बघत राहिले.

ही चाल त्यांनी शिकवलेली नव्हती.

चालण्याच्या शर्यतीचे नियम दोनच. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा आणि पुढचा पाय टेकताना गुडघा ताठ हवा. जरा उडल्यासारखं दिसलं की पंच लाल कार्ड लावतात, आणि तीन झाली की शर्यतीतून बाहेर. हे सांभाळून जोरात चालायचं म्हणजे कंबर डोलते, बघणाऱ्याला हसू फुटतं. सरांची शिकवण होती ती लहान, भरभर पावलांची. कोपरं पोटाशी, खांदे खाली. आता सुष्मिता टाकत होती त्या ढांगा होत्या. हात छातीपर्यंत वर जात होते. आणि उजवं मनगट दर वेळी आत वळत होतं, आतून कडी काढावी तसं.

ते मनगट सरांनी ओळखलं. पोराला ओळखावं तसं ओळखलं.

शाहूवाडीच्या डोंगरातल्या एका भातशेतीवाल्या घरातून पृथ्वीराज कॉलेजात आला होता, त्याला आता बरीच वर्षं झाली. राहायची सोय नव्हती म्हणून सरांनी त्याला आपल्या घरात माडीवरची खोली दिली. सरांच्या बायकोच्या, मंदाकिनीच्या हातचं जेवून तो तयार झाला. अखिल भारतीय स्पर्धेत पदक घेऊन आला तेव्हा सरांच्या गल्लीनं त्याची मिरवणूक काढली. त्याचं हे मनगट तेवढं सुटलं नाही. सरांनी शिव्या घातल्या, बांबूची कामटी बांधून बघितली, पण ते वळायचं ते वळायचंच. मागल्या वर्षी पृथ्वीराजनं गावाबाहेर स्वतःची अकादमी काढली. नारळ सरांच्याच हातून फोडला.

चाल ही पाहुण्याच्या घरून उसनी आणायची वस्तू नव्हे. महिनोन्‌महिने कुणीतरी शेजारून चालावं लागतं, तेव्हा त्याच्या खोडीसकट ती अंगात उतरते. सरांना हे दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सुष्मिता पुन्हा समोरून गेली आणि या वेळी त्यांनी बघितलं ते फक्त मनगट.

ती मुरगूडची. वडील रामलिंग यांची पिठाची गिरण. कॉलेजात आली ती पळायला, आणि पळण्यात कायम शेवटची. एकदा एस. टी. चुकू नये म्हणून ती मैदान ओलांडून चालत निघाली होती, ते सरांनी बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी तिला पळण्यातून काढून चालण्यात घातलं, होस्टेलात खोलीही मिळवून दिली. बावड्याच्या रस्त्यावर पहाटेचा सराव सुरू झाला. दूध घालायला निघालेली पोरं गाडी हळू करून तिच्या कमरेची नक्कल करायची. "काय गं, एवढी घाईची लागली व्हय?" म्हणून खिदळायची. एका सकाळी ती उसाच्या बांधावर बसून रडली. म्हणाली, "सर, उद्यापासनं मी येणार न्हाय."

दुसऱ्या दिवशी सर स्वतः तिच्या पुढे चालायला लागले. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस, तीच कंबर डोलवत, तीच कोपरं हलवत. "हसायचं तर मला हसू देत," ते म्हणाले. "तू माझ्या टाचांकडं बघ." लोक हसलेच. पानपट्टीवाला रोज ओरडायचा, "सर, म्हातारपणी कंबर मोडंल की!" सरांनी मान वळवली नाही. महिनाभरात लोकांना कंटाळा आला आणि सुष्मिताची भीड मोडली.

गणपतीच्या सुमारास पावसाचा जोर ओसरला तसं तिनं सांगितलं, संध्याकाळी कॉम्प्युटरचा क्लास लावायचाय, संध्याकाळच्या सरावाला जमणार नाही. सरांना आनंदच झाला. खेळ काय जन्माला पुरत नाही. होस्टेलच्या रेक्टरबाई उशिरा आत घेत नव्हत्या, तर सर स्वतः जाऊन त्यांना भेटले. "माझ्या जबाबदारीवर सोडा पोरीला," म्हणाले.

आता फळ्यावर तिच्या नंबरापुढे दोन लाल खुणा लागल्या होत्या. अजून बऱ्याच फेऱ्या बाकी होत्या, आणि ढांग थकत चालली की पाय उडणारच. रागावायला पुढं आयुष्य पडलंय, आधी पोरगी वाचली पाहिजे, असं म्हणत सर वळणावर गेले. ती जवळ आली तसे जिवाच्या आकांतानं ओरडले, "सुष्मे, पावलं लहान कर! लहान कर पावलं!"

तिनं ऐकलं. मान वळवली. पण तिची नजर सरांवर थांबली नाही. त्यांच्या खांद्यावरून ती मागे कुठेतरी गेली, आणि तिथून काहीतरी होकार मिळाल्यासारखी पुन्हा समोर झाली. ढांग तेवढीच राहिली.

सरांनी मागे बघितलं. जाळीपलीकडे पृथ्वीराज उभा होता. डोळ्यांवर गॉगल, एक हात वर, 'चालू दे' असा. त्याच्या शेजारी, धुवट सदऱ्यात आणि पांढऱ्या टोपीत रामलिंग. सरांची नजर भिडली तशी रामलिंगनं मान खाली घातली.

तिसरी खूण लागली नाही. सुष्मिता पहिली आली, दुसरीला बरंच मागे टाकून. अशी वेळ तिनं सरांच्या हाताखाली कधी दिली नव्हती.

मांडवामागे ती गुडघ्यांवर हात टेकून दम घेत होती. सर समोर जाऊन उभे राहिले. तिनं बघितलं आणि तिच्या तोंडावरचं हसू मावळलं.

"कधीपासनं?" सरांनी विचारलं.

"गणपतीपासनं, सर."

"म्हंजे तो कॉम्प्युटरचा क्लास..."

"न्हवता."

"आणि सकाळी माझ्यासमोर चालत हुतीस ते? ते तर माझंच हुतं की."

"तुमच्यासमोर तुमच्यासारखं चालत हुतो, सर. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

एवढ्या पहाटा. थंडीत, धुक्यात, मळीच्या वासात ही पोर त्यांना दाखवण्यासाठी चालत होती, लहान मुलाची समजूत काढावी तशी.

"मला सांगायचंस की," ते म्हणाले. "मी हाताला धरून नेलं असतं तुला त्याच्याकडं."

आता तिचाही आवाज चढला. "कवा सांगू, सर? तुम्ही ग्राउंडवर आलासा की एकजण भाला घिऊन उभा, एकीचा पाय मुरगळलेला, वर प्रिन्सिपॉलचा फोन. गेल्या हंगामापासनं माझी एक फेरी तुम्ही पुरती बघितलेली न्हाय. मी जवळनं गेलो की शाब्बास म्हणायचासा. फोन कानाला लावून शाब्बास! पृथ्वीराजदादा निदान बघत तरी हुते."

बोलून गेल्यावर तिलाच रडू फुटलं. तिनं सांगितलं ते खोटं नव्हतं. पण आपण कमी पडलो हे एक, आणि आपल्याला फसवलं हे दुसरं. पहिल्यानं दुसरं पुसलं जात नव्हतं.

रामलिंग लगबगीनं आले, हात जोडून. "सर, चूक झाली बघा. पोरगी म्हणली, सरांना कळू द्यायचं न्हाय, त्यांचा जीव दुखल. मग मी बी गप बसलो."

"दसऱ्याला आमच्यात जेवाय आलतासा, तवा म्हाईत हुतं?"

"व्हय," रामलिंग म्हणाले. त्यांना खोटं बोलता आलं असतं. बोलले नाहीत.

मागोमाग पृथ्वीराज आला, गॉगल काढून वाकला आणि सरांच्या पायांना हात लावला. सरांनी पाय मागे घेतले नाहीत, पण आशीर्वादाला हातही उचलला नाही.

"सर, सगळं तुमचंच हाय की. तुमच्याकडनंच शिकलो. मी काय वेगळं दिलं तिला?"

"माझंच हुतं तर माझ्यापासनंच का लपवलंस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आता लई बरं वाटलं."

पृथ्वीराज चपापला. मग स्वतःला सावरत म्हणाला, "मी सांगणार हुतो, सर. खरंच. दिवाळीत फराळ घिऊन घरी आलतो तवा मंदाकिनीकाकींच्या कानावर घातलं हुतं. त्याच म्हणल्या, हंगाम संपंपतोर काही बोलू नको, त्यांच्या डोक्याला आधीच ताप हाय."

मांडवात कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. कुठल्यातरी दुसऱ्या शर्यतीचा निकाल लागला असावा. सर पृथ्वीराजकडे बघत होते. या पोराला ताप आला होता तेव्हा ते आणि मंदाकिनी पाळीपाळीनं माडीवर जागले होते.

"तिचं मनगट सरळ कर," ते शेवटी म्हणाले. "तुझी खोड तिला दिलीयस. पुढं वीस किलोमीटर चालाय लागलं की खांदा धरंल तिचा."

"व्हय, सर."

"आणि सुष्मे, उद्यापासनं पहाटे बावड्याला येऊ नको. झोप जरा. होस्टेलची खोली हाय तशी ऱ्हाईल, त्याची काळजी करू नको."

ती पुढे आली. "सर, असं काय करतासा? सर..." सर चालू लागले होते.

मैदानाच्या कडेनं जाताना फोन वाजला. मंदाकिनी.

"काय झालं पोरीचं?"

"पहिली आली."

"अगबाई! ब्येस झालं. तोंड गोड करा की तिचं."

"पृथ्वीराज भेटला," सर म्हणाले.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग ती हळूच म्हणाली, "अवो, मी सांगणारच हुतो. तुमचा चेहरा बघितला की जीवच होत नव्हता."

"तुला सुदिक म्हाईत हुतं. मलाच तेवढं न्हवतं."

"अवो, ऐका तरी. जेवाय येताय न्हवं?"

"भालाफेक हाय अजून," सरांनी सांगितलं आणि फोन बंद केला.

भालाफेकीच्या पट्ट्यापाशी ते येऊन उभे राहिले तेव्हा राजवीरची पाळी चालू होती. पोरगं उंचापुरं, हौशी. धावत आलं, भाला सुटला, लांब जाऊन गवतात रुतला. पंच टेप घेऊन पळाले. राजवीर वळून सरांकडे धावत आला.

"सर, बघितलासा का? कसा गेला?"

'मस्त गेला रं' हे शब्द सरांच्या ओठांवर आले. हंगामभर हेच शब्द त्यांनी सगळ्यांना दिले होते. भाला हातातून सुटला तेव्हा त्यांची नजर कुठे होती, त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"न्हाय," ते म्हणाले. "बघितला न्हाय मी."

राजवीरला काही समजेना. सरांची मस्करी असावी म्हणून तो हसायला गेला, मग त्यांचा चेहरा बघून थांबला.

"अजून एक हाय न्हवं तुझी?"

"व्हय, शेवटची."

"जा. टाक."

राजवीर पट्ट्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला. त्यानं भाला खांद्यावर घेतला. एवढ्यात मांडवावरचा कर्णा खरखरला. चालण्याच्या शर्यतीची विजेती, कुमारी सुष्मिता, आणि तिला घडवणारे प्रशिक्षक आकाराम चौगले सर यांनी व्यासपीठाकडे यावं, अशी विनंती झाली. थोडं थांबून पुन्हा झाली. आजूबाजूचे दोघे-तिघे सरांकडे बघायला लागले. राजवीरनं भाला खाली घेतला.

"सर, तुम्हाला बोलवाय लागल्यात."

"ऐकू येतंय मला," सर म्हणाले. त्यांनी टोपी काढली, उन्हाकडे तोंड करून पाय रोवले आणि त्या पोराच्या खांद्यावर नजर लावली. "तू टाक."