उलटा बाण

मित्रांनो, मी दवाखान्याच्या फाटकाशी उभी असलेली एक जुनी पाटी आहे. लाकडाची नाही, हे आधीच सांगते. लोकांच्या गैरसमजाचा मला वीट आलाय. मी दाट फोमची आहे. एका कारागीर बाईंनी छिन्नीने माझ्यावर ‘तातडीची सेवा’ ही अक्षरं कोरली, खाली फोमचाच जाड बाण चिकटवला आणि वर रंगाचे तीन हात दिले. फोम कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. धक्का मात्र सोसत नाही, असं त्यांनी मला इथे उभं करतानाच बजावलं होतं. पण ऐकतो कोण?

पहिली काही वर्षं बरी गेली. मग एकदा रुग्णवाहिका मागे घेताना ड्रायव्हरने माझा उजवा कोपरा उडवला. बाणही निखळून पडला. ड्रायव्हरचं म्हणणं असं, की पाटीच मध्ये आली. जन्मात एक पाऊल न चाललेली मी, म्हणे मध्ये आले.

कारागीर बाईंना बोलवावं, असं एकाच्याही मनात आलं नाही. दुरुस्ती खात्यातल्या अण्णांनी कोपऱ्यात सिमेंट थापलं. ते महिन्याभरात गळून पडलं आणि जाताना माझा आणखी एक लचका घेऊन गेलं. बाण अण्णांनी खिळे ठोकून बसवला, तोही उलटा. तातडीची सेवा उजव्या हाताला आणि बाण डावीकडे! आठ महिने डॉक्टर, नर्स, कारकून माझ्यासमोरून गेले, पण कोणाला पत्ता नाही. रोजचा माणूस पाटी वाचतच नाही.

एका दुपारी एक आजोबा नातीला उचलून धावत आले. पोरीला श्वास घेता येत नव्हता, ओठ निळे पडले होते. आजोबांनी मला वाचलं आणि बाणाच्या दिशेने पळत सुटले. मला वाचा असती तर ओरडून त्यांना मागे फिरवलं असतं. डावीकडे होतं धुलाईघर. तिथल्या मावशींनी हातातली चादर टाकली, पोरीला घेतलं आणि अख्खं आवार धावत ओलांडून तिला डॉक्टरांपर्यंत पोचवलं. पोरगी वाचली. थोडक्यात निभावलं, असं डॉक्टर म्हणाले.

मावशी तिथून तडक ऑफिसात गेल्या आणि हेडक्लार्कना माझ्यासमोर घेऊन आल्या.

“साहेब, ही पाटी तुम्ही शेवटची कधी वाचलीत?”

“मी कशाला वाचू? मला रस्ता माहीत आहे.”

“त्या आजोबांना नव्हता.”

हेडक्लार्कनी बाणाकडे पाहिलं, मग उजवीकडच्या दाराकडे. आणि ते स्वतःच कारागीर बाईंना फोन करायला गेले.

दुसऱ्या दिवशी कारागीर बाई आल्या. खिळे उपटताना त्या अण्णांना म्हणाल्या, की तेव्हाच बोलावलं असतं तर दोन दिवसांचं काम होतं. अण्णा उपटलेले खिळे वेचायला लागले. बाईंनी माझी तुटकी कड सरळ कापली, तिथे नवा फोम चिकटवून सुकेपर्यंत आवळून बांधला, मग तो जुन्या अक्षरांच्या वळणात कोरला. फटीत लांबीचा लगदा भरला, घासलं, रंगवलं. बाण उजवीकडे वळला. सांधा कुठे आहे, ते आता मलाही सापडत नाही.

मित्रांनो, मोडलेली वस्तू जाणत्या हातात द्या. आणि आपल्या दारावरची पाटी अधूनमधून परक्याच्या डोळ्यांनी वाचा. घाबरलेला माणूस पाटीशी वाद घालत नाही. ती सांगेल तिकडे धावतो.