आकांक्षाचे सात सेकंद

मी एक जुनं, चावीचं स्टॉपवॉच आहे. मित्रांनो, तीस वर्षं लोकांची धाव मोजून माझा स्वभाव संशयी झाला आहे. पळणारा प्रत्येक जण म्हणतो, मी लवकर पोचलो. खरं काय ते माझा काटाच सांगणार, असा माझा तोरा होता.

वामनरावांनी मला अकोल्यात घेतलं, तेव्हा ते शाळेत खेळ शिकवत. पोरं मला हात लावायला घाबरत. आता ते अमरावतीच्या एका व्यावसायिक महिला बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक आहेत.

यंदा संघात एकच जागा उरली होती. हिवरखेडची आकांक्षा चेंडू मिळताच सुसाट सुटायची आणि समोरच्यांचा बचाव उभा राहायच्या आत बास्केट करायची. हा फास्ट ब्रेक. राजापेठेची प्राजक्ता चेंडू सावकाश पुढे आणायची, सगळ्या जागेवर आल्या की डाव रचायची. हा हाफ-कोर्टचा खेळ. वामनरावांना धावणारी हवी होती. पण चेंडू मिळाल्यापासून बास्केटपर्यंत आकांक्षाची धाव मी मोजली ती सात सेकंद, दर वेळी सातच; फास्ट ब्रेकसाठी हे फारच झाले.

"काहून अंग राखून खेळून राहिली तू?" वामनरावांनी विचारलं.

"नाही जी सर, जीव तोडून धावून राहिली मी!"

"मंग घड्याळ खोटं बोलते काय?"

मुळीच नाही, मी मनात म्हटलं. करारासाठी गुडघ्याचं दुखणं लपवत असेल. मला प्राजक्ताचाही संशय होता. आकांक्षा धावू लागली की ही बाकावर बसून हळूच मोबाईल काढायची. पाणी नक्कीच कुठेतरी मुरत होतं.

यादी ठरायच्या दिवशी आकांक्षा डोळे पुसत बॅग भरत होती. तेवढ्यात प्राजक्ता मोबाईल घेऊन वामनरावांकडे आली.

"सर, आकांक्षासारखं धावता यावं म्हणून मी तिचे व्हिडिओ काढून राहिली होती. हे पहा, चार सेकंदांत बास्केट झाली. माझी जागा गेली तरी चालेल, पण अशी खोट्या आकड्यावर मले नको."

वामनरावांनी मला दाबलं. काटा सुटला, पण बटण आतच रुतून बसलं आणि सातव्या सेकंदाला वर आलं; त्याआधी ते पुन्हा दाबून काटा थांबवणं शक्यच नव्हतं. सरावाच्या वेळी वामनराव संत्री सोलून खात आणि त्याच चिकट अंगठ्याने मला दाबत. रस बटणाखाली वाळला होता. प्राजक्ताच्या लांबलेल्या डावात बटणाला वर यायला वेळ मिळे. जी खरंच वेगाने धावे, तिच्याच वेळी माझा काटा थांबत नसे. मला फार लाज वाटली.

"चुकलं माझं, पोरी," वामनराव म्हणाले आणि यादीत आकांक्षाचं नाव लिहिलं.

"हात तेवढे धुवा जी सर आता," ती म्हणाली.

हल्ली ते मला स्पिरिटच्या बोळ्याने पुसतात, तरी वेळ मोबाईलवर ताडून पाहतात. माझ्या मनाला ते लागतं, पण तक्रार कोणत्या तोंडाने करणार? मित्रांनो, मला स्वच्छ ठेवा. आणि माझ्या एकट्याच्या सांगण्यावरून कुणाच्या लेकीला खोटं पाडू नका.