नुसतं भाऊजी

भाषांतर करणारी बाई कामाला चोख. एका शब्दासाठी आठवडा घालवील, पण ठोकून देणार नाही. विद्यापीठाच्या प्रकाशनाने तिला इतिहासाचं नवं पुस्तक दिलं, तेव्हा ती हरखून गेली. डोंगरापलीकडच्या छोट्या भाषेत बायकांनी सांगितलेल्या कत्तलीच्या आठवणी होत्या त्या. नावं बदललेली. भाषा तिच्या आईकडची, आणि त्यातली एक बाई तिची सख्खी मावशी.

मावशीच्या नवऱ्याला घरातून ओढून नेलं, ते एका नातेवाइकाने दार दाखवल्यामुळे. त्याच्यासाठी मूळ भाषेत एकच शब्द. दीर, नणंदेचा नवरा, बहिणीचा नवरा, सगळ्यांना तोच. नुसतं 'भाऊजी' लिहून भागलं असतं. पण बाईला ते मोघम वाटलं. तिने मावशीला विचारलं.

मावशी मान वर न करता म्हणाली, "दीर."

मावशीला दीर एकच. तो आता तिकडचा मोठा माणूस होता.

पुस्तक निघालं, वाखाणलं गेलं. एके दिवशी संपादकांनी तिला बोलावून घेतलं. त्यांच्यासमोर एक तरुण गृहस्थ बसले होते, अगदी मऊ बोलणारे.

"सुरेख भाषांतर," ते म्हणाले. "एकच शंका. मुळात तिघांपैकी कुणीही असू शकतो. तुम्ही 'दीर' कशावरून केलंत?"

"अंदाजाने," ती म्हणाली.

संपादक कौतुकाने हसले. "छे हो, बाई कसला अंदाज करतात. एकेक शब्द घरच्या माणसांना विचारून येतात."

"घरच्या," गृहस्थ हळूच म्हणाले. मग नमस्कार करून उठले.

ती तडक मावशीकडे गेली आणि सगळं सांगितलं.

"दिसायला कसा होता?" मावशीने विचारलं.

"तरुण. बोलताना एक भुवई वर जायची."

"मग दिराचाच मुलगा." मावशी खाटेवर बसली.

"चूक माझी झाली, मावशी."

"लिहिलंस ते खरंच लिहिलंस. पण कोणता शब्द एवढंच विचारलंस गं. छापू का, ते विचारायचं राहिलं."

बाईने मावशीचे चार कपडे पिशवीत कोंबले आणि तिला आपल्या घरी आणलं. दाराला कडी लावली. मावशीने पाणी मागितलं, तेवढ्यात संपादकांचा फोन आला. स्वारी खुशीत होती.

"अहो, त्या गृहस्थांनी उरलेल्या सगळ्या प्रती उचलल्या. तुमचा सत्कार करायचा म्हणतात. घरचा पत्ता मागितला, मी दिला."

"कधी?"

"मघाशीच. का हो?"

तिने फोन ठेवला. मावशी पेला हातात धरून तिच्याकडे पाहत होती. बाईने दाराजवळच्या चपला उचलल्या आणि मावशीच्या पायांपुढे आणून ठेवल्या.