अंगारेबाबाची पुडी

आरतीची घंटा वाजली की मठातली माणसं देवाकडे नव्हे, सुभद्राकडे बघत. तासभर मांडी घालून बसलेली ही बाई उभी राहिली की धाडकन पडे.

"पाहा! आरती सहन होत नाही भुताले!" अंगारेबाबा गरजे आणि दर्यापूरहून जीप भरभरून आलेली गर्दी हात जोडे.

तापात बरळली म्हणून तिला मठात आणलं होतं, आणि भूत उतरेपर्यंत घरी पाऊल टाकायचं नाही, असा सासऱ्यांचा, रामरावांचा हुकूम. चार वर्षांची आचल घरी आणि आई या कोंडवाड्यात. रोज अंगाऱ्याची पुडी पाण्यातून घ्यायची, भजनाला बसायचं, आरतीला उठायचं आणि पडायचं. दीड महिन्यात सुभद्रालाही वाटू लागलं होतं, आपल्या अंगात खरंच कोणीतरी आहे.

सरकारी दवाखान्यातून मठात तपासणीला आलेल्या आकांक्षा नर्सने तिचा रक्तदाब आधी निजवून मोजला, मग उभं करून. दुसरा आकडा एकदम खाली गेलेला पाहून ती चपापली.

"काय खाता ताई?"

"अंगारा."

"त्यात रक्तदाब उतरवायची गोळी कुटलेली दिसते. उभं राह्यलं की रक्त पायाकडं उतरते. मानेतल्या नसा मेंदूले खबर देतात, मेंदू रक्तवाहिन्यांले हुकूम सोडतो, आवळा! ही गोळी त्यायचे कानच बंद करते. मंग माणूस पडते. पुडी खाऊ नका. एक मले द्या, अकोल्याले तपासाले पाठवू."

सुभद्राने एक पुडी तिला दिली, पुढच्या पुड्या पदराच्या गाठीत लपवल्या. तिसऱ्या दिवशी ती आरतीला ताठ उभी राहिली.

"भूत दबलं!" बाबा लगेच म्हणाला. "पण गेलं नाही. अजून एकवीस मंगळवार!"

पडली तर भूत, उभी राहिली तर बाबाचा प्रताप. सुटायची वाटच नव्हती. सुभद्राला आधी रडू आलं, मग भयंकर संताप आला. दुसऱ्या दिवशी भजनाआधी तिने मठात आलेल्या सासऱ्यांसमोर गाठ सोडली.

"मामाजी, तीन-चार दिवस मी पुडी खाल्लीच नाही, म्हणून उभी राह्यली."

"माह्या महाराजावर आळ घेतं?" रामरावांनी एक पुडी हिसकून तोंडात टाकली. "आता पाह्य, मी कसा उभा राह्यतो!"

भजन संपलं, घंटा वाजली. रामराव तावातावाने उठले आणि गुडघ्यांत वाकून कोसळले. सुभद्राने त्यांना आडवं केलं, पाय उचलून मांडीवर घेतले. त्यांनी डोळे उघडले.

"मामाजी, तुमच्या आंगात कोणाचं भूत हाय?"

सगळ्यांनी बाबाकडे वळून पाहिलं. बाबा मागच्या दाराने निसटला होता.

"घरी चाल पोरी," रामराव पुटपुटले. "आचल वाट पाहून राह्यली."

अकोल्याच्या अहवालात गोळीची पूडच निघाली. दीड महिना शेकडो डोळ्यांनी ही बाई पडताना पाहिली, पण पुडीत काय आहे हे एकानेही विचारलं नाही. उठताना कोणी पडलं तर रक्तदाब मोजा, पोटात काय गेलं ते विचारा. माणसाला कोंडू नका.