मामंजींची मान्यता

अबखाझियातल्या त्या डोंगरगावात, मुश्नीच्या अंगणातल्या अक्रोडाखाली रोज संध्याकाळी एकच रड चाले.

"जग आपल्याशी बोलत नाही!" शिंगाच्या पेल्यातली वाइन घोटून मुश्नी म्हणे. "देश आहे, झेंडा आहे, शिक्का आहे. तरी दारात उभं केलंय आपल्याला. दिसतो सगळ्यांना, नाव कुणी घेत नाही!"

त्याची सून सारिया हे सगळं दारात उभी राहून ऐके. तीही सगळ्यांना दिसे, आणि तिचंही नाव कुणी घेत नसे.

रीतच तशी होती. सुनेचा शब्द सासऱ्याच्या कानी पडायचा नाही. सासऱ्यानेच बोकड कापून, चार लोकांत शिंग उंचावून 'बोल, सुने' म्हटलं, तर जीभ सुटायची. कुठल्या घरात ती वर्षात सुटे. इथे सारियाची लेक शाळेत जायला लागली तरी मुश्नीला बोकड सापडेना. माहेरची बोलकी मैना, सासरची मुकी पायरी! त्यातून मुश्नी गावच्या शाळेचा मुख्याध्यापक. इंग्रजीला मास्तरच नव्हता; त्या तासाला मुलं खिडकीतून गाढवं मोजत बसत. सारिया राजधानीत, सुखुमला जाऊन इंग्रजी शिकलेली. तिला त्या वर्गात उभं राहायचं होतं, बाकी काही नको होतं. पण मुख्याध्यापकांसमोर मुकी असलेली बाई शिकवणार कशी?

"योग्य वेळ आली की बघू," मुश्नी म्हणे. हेच वाक्य मोठे देश मान्यता मागणाऱ्या अबखाझियाला ऐकवत, तेव्हा मात्र तो टेबलावर मूठ आपटी.

संत्री पिकायच्या दिवसांत महासागरातल्या एका चिमुकल्या बेटाचा दूत गावात आला. बेटाने अबखाझियाला मान्यता दिलेली. मग काय, मुश्नीला बोकड लगेच सापडला.

देवाच्या नावाने शिंग झालं, गेलेल्यांच्या नावाने झालं, बेटाच्या नावाने तर तीनदा झालं. राजधानीहून आलेला दुभाषी हळूच टेबलाखाली घसरला आणि घोरू लागला. तेवढ्यात दूत उठला. डोळ्यांत पाणी, हात छातीवर. हळू आवाजात इंग्रजीत काहीतरी बोलला. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. दारातली सारिया तेवढी पांढरीफटक पडली.

मुश्नीने ते पाहिलं. "शाझिना," तो बायकोला म्हणाला, "काय म्हणाला तो? विचार तुझ्या सुनेला."

"तुमच्या कानावर पडेल ना! आत नेऊन विचारू?"

"नको, सगळ्यांना ऐकू दे. आजचा दिवस बोल म्हणावं. गाजावाजा नको, कामापुरतं."

सारिया सासूच्या कानाशी लागली. शाझिनाने हातरुमालाआड हसू दाबलं.

"ती म्हणते, कामापुरती मान्यता ही मान्यताच नव्हे, असं मामंजीच रोज अक्रोडाखाली सांगतात."

"फसलास, मुश्नी!" शेजारचा म्हातारा हाजरत मांडीवर थाप मारून ओरडला. "तुझंच भाषण तुझ्या पानात वाढलं पोरीने!"

अंगण खदाखदा हसलं. मुश्नी बिटासारखा लाल झाला. मग उभा राहिला, शिंग वर धरलं.

"मंडळी, ही माझी सून सारिया. बोल, सुने. आजपासून, कायमची." आणि शिंग तळापर्यंत रिकामं केलं.

"मामंजी," सारिया म्हणाली. कधीच न उघडलेल्या फाटकासारखा आवाज करकरला. "हे म्हणतात, बेटावर सरकार बदललं. मान्यता काढून घेतली. सांगायची लाज वाटत होती, म्हणून आधी जेवून घेतलं."

उचललेली शिंगं एकेक करून खाली आली.

"मग तूही घे काढून तुझी!" हाजरत हळूच म्हणाला.

मुश्नीने रिकाम्या शिंगात डोकावलं, मग बोकडाच्या हाडांकडे पाहिलं. "आपण काय सरकार आहोत? प्यालेला शब्द परत ओकत नाही आपण." मग तो पुटपुटला, "सुने, विचार त्याला, निदान आपली अजिका तरी आवडली का?"

सारियाने विचारलं. दूताने लाल मिरचीच्या चटणीचं बोट चाटत, डोळे पुसत मान हलवली.

"फार आवडली म्हणतात. आणि मामंजी, सोमवारपासून मी शाळेत येते."

"योग्य वेळ आली की..."

"सोमवारीच येते ती वेळ," सारिया म्हणाली.