फुंकरमाईचा ग्लास

गुरुवारी दुपारी त्या पार्लरमध्ये केस कापायला कोणी येत नसे. सगळ्या फुंकायला येत.

पुढच्या खोलीत नेहमीसारखे आरसे, फिरत्या खुर्च्या आणि शॅम्पूचा वास. मागच्या खोलीत एरवी वॅक्सिंग चालायचं. गुरुवारी तिथल्या अरुंद पलंगावर पांढरी चादर घालून फुंकरमाई बसायच्या, आणि बायकांची रांग थेट जिन्याच्या वळणापर्यंत जायची. रांगेत शिक्षिका होत्या, बँकेतल्या होत्या, एक वकीलही होती. वकीलबाई काळा चष्मा लावून उभ्या होत्या, म्हणजे त्या आल्या नव्हत्या असं सगळ्यांनी समजायचं.

माई पैसे घेत नसत. फेशियल घेत. शिवाय दाराशी एक डबा ठेवलेला असे, त्याच्याकडे माई चुकूनही बघत नसत आणि तो चुकूनही रिकामा जात नसे.

"पोरींनो, बाईचं शरीर म्हणजे बंद पेटी," माईंचा आवाज लोण्यासारखा होता. "डॉक्टर काय करतो? पेटी उघडून बघतो. लाज जाते, झोप जाते. मी पेटीला हात लावत नाही. मी म्हणते, फुंक! आतलं काय ते आपणहून बाहेर येईल."

मग स्टीलच्या थर्मासमधून काचेच्या ग्लासात पाणी ओतलं जाई. स्वच्छ, नितळ. त्यात काचेची बारीक नळी. बाई नळीतून फुंकू लागली की बुडबुडे येत आणि बघता बघता पाणी दुधासारखं पांढरं होई. रांगेतून "अगं बाई!" असा एकच सुस्कारा निघे.

"दिसलं?" माई डोळे मिटून विचारत. "गर्भाशयाच्या तोंडाशी आहे. थांबू नकोस आता. मनातल्या मनात माझं नाव घे आणि फुंकत राहा. ढवळून निघू दे."

बाई फुंकत राही. गाल दुखत, डोळे बाहेर येत, कानशिलं लाल होत. आणि काय सांगावं, पांढरं पाणी हळूहळू पुन्हा नितळ होई!

"रोग गेला!" माई टाळी वाजवत. "आता जन्मात तपासणीचं नाव काढायचं नाही. एकदा निवळलं ते निवळलं."

एकदाच फुंकायचं आणि जन्मभर मोकळं. इतकं सोयीचं शास्त्र दुसरं कुठे मिळणार?

हे सगळं दारात उभी राहून बघत होती ती धाकटी. म्हणजे पार्लरच्या मालकिणीची धाकटी जाऊ. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची आणि मुलं तिला पाठीमागे गॅसबाई म्हणायची, हे तिला ठाऊक होतं आणि मान्यही होतं. आजवर तिने या गुरुवारांची यथेच्छ टिंगल केली होती, पण फिरकली कधी नव्हती. आज मात्र ती शाळेतून थेट आली होती, आणि तेही टिंगल करायला नव्हे. तिने थोरलीला कोपऱ्यात गाठलं.

"ताई, आज सकाळी हॉस्पिटलात जायचं होतं ना?"

"हळू बोल गं."

"गेलात?"

थोरली टॉवेलांच्या घड्या घालू लागली. घातलेल्याच घड्या मोडून परत. "कशाला जायचं? मागच्या गुरुवारी माझा ग्लास निवळला की."

महिन्यापूर्वी थोरलीने हॉस्पिटलात गर्भाशयमुखाची तपासणी करून घेतली होती. एचपीव्ही नावाचा विषाणू सापडला, आता दुर्बिणीतून नीट बघायला हवं, असा तिकडून फोन आला. कॅन्सर आहे असं कोणी म्हटलं नव्हतं. होऊ नये म्हणूनच बोलावत होते. थोरलीने हे एकट्या धाकटीलाच सांगितलं होतं. नवऱ्यालासुद्धा नाही. आणि आज ती तारीख एका ग्लासाच्या भरवशावर चुकवून ती टॉवेल मोजत बसली होती.

धाकटी तरातरा मागच्या खोलीत गेली, ग्लास उचलला, उजेडात धरला आणि म्हणाली, "माई, ही चुन्याची निवळी आहे."

"ओ मॅडम, रांगेत या!" बँकेतली ओरडली.

"कोणाच्याही फुंकरीने पांढरी होते ही. शाळेच्या पुस्तकात आहे. तुम्ही सगळ्यांनी पाठ केलंय, मार्क घेतलेत!"

माई कनवाळूपणे हसल्या. "बाळ, पाणी चुन्याचं असो की विहिरीचं. पांढरं करतो तो रोग."

"बरोबर," रांगेने मान डोलावली. पुस्तकात होतं ते परीक्षेसाठी. ते खरंही असतं असं कोणी म्हटलं होतं?

"स्वतःचा ग्लास पांढरा होईल म्हणून घाबरताय तुम्ही," एकीने टोमणा मारला.

"होणारच माझा पांढरा. आणि तुमचाही, आणि..." धाकटीची नजर दाराकडे गेली. तिथे थोरलीचा नवरा ड्रिल मशीन घेऊन उभा होता. भिंतीवरचा एक आरसा सैल झाला होता, तो बसवायला आला होता बिचारा. "भाऊजी! इकडे या जरा."

"मी? बायकांच्या खोलीत?"

"या हो. यात फुंका."

"कशाला?"

"मी सांगतेय म्हणून."

घरात दोन जावा एकत्र आल्या की प्रश्न विचारू नयेत, एवढा संसार त्याने केला होता. त्याने फुंकलं. बुडबुडे आले. पाणी पांढरंशुभ्र झालं, इतर कोणाहीपेक्षा काकणभर जास्तच, कारण माणसाची छाती दांडगी होती.

रांगेतल्या बायका टाचा उंचावून बघू लागल्या.

"म्हणजे मला नक्की काय झालंय?" भाऊजींनी विचारलं.

"गर्भाशयाच्या तोंडाशी आहे," बँकेतली पुटपुटली.

"कोणाच्या?"

"तुमच्या."

भाऊजींनी गंभीरपणे मान हलवली. "तरीच हल्ली कंबर दुखते."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. पण माई कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. "यात हसण्यासारखं काय आहे? नवऱ्याच्या श्वासात बायकोचा रोग उतरतो. हा ग्लास याचा नाही. याच्या घरधनिणीचा आहे. तिचा परत उलटलाय!"

सगळ्या माना थोरलीकडे वळल्या. तिच्या हातातला टॉवेल खाली पडला.

"काय गं?" भाऊजींचा चेहरा एकदम उतरला. "काय झालंय तुला?"

आता धाकटीला राग आला, तो वर्गात कधीच न येणारा.

"ताई, फ्रिजमध्ये सोड्याची बाटली आहे ना? द्या. भाऊजी, टोपणाला भोक पाडा, एवढंसं." केसांवर पाणी मारायच्या स्प्रेमधली बारीक प्लास्टिकची नळी तिने उपसली आणि टोपणाच्या भोकात घट्ट खुपसली. माईंच्याच थर्मासमधली निवळी दुसऱ्या ग्लासात ओतली, नळीचं टोक त्यात बुडवलं आणि बाटली उभी धरून हलकेच हलवली.

बुड, बुड, बुड. पाणी पांढरं झालं.

"आता हिच्या नवऱ्याला बोलवायचं का माई?" धाकटीने बाटली वर धरून विचारलं.

वकीलबाईंनी चष्मा काढला. "बाटलीलाही झालंय की हो!"

धाकटी बाटली हलवत राहिली. गॅस जात राहिला, आणि जरा वेळाने पाणी निवळायला लागलं.

"बाटली बरी झाली," भाऊजींनी जाहीर केलं.

मग मात्र जिन्यापर्यंत हशा पिकला. माईंनी थर्मास उचलला. "श्रद्धा नाही तिथे मी थांबत नाही," असं म्हणत त्या निघाल्या. डब्याकडे न बघण्याचं व्रत तेवढं त्यांनी मोडलं. तो जाताना काखेत घेतला.

"ऐका," धाकटी म्हणाली. "आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो, सोड्यातही तोच. तो निवळीत गेला की चुन्याचे बारीक पांढरे कण तयार होतात, म्हणून पाणी दुधाळ दिसतं. फुंकतच राहिलं की त्याच गॅसने ते कण परत विरघळतात. म्हणून निवळतं. आजारी बाई फुंको नाहीतर पहिलवान फुंको. संपला चमत्कार."

"मग माझं जे गेलं ते?" बँकेतलीने विचारलं.

"बहुतेक काही नव्हतंच. आणि असलं तर जिथे होतं तिथेच आहे. ग्लासाला ते कळत नाही."

हशा थांबला. काहीजणींनी पोटावरून हात फिरवला.

"पण दरवर्षी कोण जाणार त्या डॉक्टरांकडे?" बँकेतली चिडून म्हणाली.

"दरवर्षी नाही." हे थोरली बोलली. खाली पडलेला टॉवेल तिने उचलला होता. "तुमच्या भुवयांना किती दिवसांनी येता?"

"पंधरा."

"केसांना रंग?"

"महिन्याने. का?"

"पॅप तपासणी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची, तीन वर्षांतून एकदा. एचपीव्हीची केली तर पाच वर्षांतून एकदा." गिऱ्हाइकाला सांगताना लागे तसा तिचा आवाज आपोआप लागला. "काही ठिकाणी एकविशीला सुरू करतात, काही ठिकाणी पंचविशीला, काही ठिकाणी तिशीला, आपल्या डॉक्टरांना विचारायचं. काही त्रास होत नसला तरी जायचं, त्रास व्हायच्या आधी सापडावं म्हणूनच तर ती असते. एचपीव्हीची लस घेतली तरी करायची. पाळी गेली तरी थांबायचं नाही. पासष्टीपर्यंत चालू ठेवायची, आणि आधीच्या सगळ्या चांगल्या आल्या असतील तरच डॉक्टरांच्या सांगण्यावरून बंद करायची. प्रतिकारशक्ती कमी असेल तर ते जास्त वेळा बोलावतात. आणि मध्येच रक्त गेलं, संबंधानंतर गेलं, पाळी थांबल्यावर गेलं, तर तीन नाही की पाच नाही, लगेच जायचं."

"तुला हे सगळं ठाऊक होतं?" भाऊजींनी विचारलं.

"नर्सने समजावलं होतं."

"मग गेली का नाहीस?"

थोरलीने टॉवेलाची घडी घातली. "हॉस्पिटलवाले म्हणाले, बघायला लागेल. ग्लास म्हणाला, काही नाही. मला ग्लासाचं ऐकावंसं वाटलं."

भाऊजींनी ड्रिल खाली ठेवलं आणि फोन तिच्यासमोर धरला. "लाव. नवी तारीख माग. मी येतो बरोबर."

त्याच आठवड्यात तारीख मिळाली. भाऊजी आणि धाकटी बाहेरच्या बाकावर बसले. थोरली आतून आली ती जरा गोंधळलेलीच.

"काय झालं?" दोघांनी एकदम विचारलं.

"पेशी बदलल्यात म्हणाले. कॅन्सरसारखं दिसत नाही. तुकडा तपासायला घेतलाय, बदललेला भाग काढून टाकतील, मोठं ऑपरेशन नाही लागणार. पुढे काही महिन्यांनी परत बघतील." ती बसली. "पण एक सांग गं. त्यांनी आत कसलंसं आंबट पाणी लावलं आणि मला पडद्यावर दाखवलं. तिथेही पांढरंच झालं होतं! मग माईंचं आणि यांचं वेगळं काय?"

"सगळं पांढरं झालं?"

"नाही. एवढासा ठिपका. बाकी गुलाबीच होतं."

"तेच वेगळं, ताई."

पुढे तुकड्याचाही निकाल आला. कॅन्सर नव्हता. होण्याच्या वाटेवर होता, आणि बदललेला भाग काढून वाटेतच अडवला गेला. आणखी बरीच वर्षं ग्लासाच्या भरवशावर काढली असती तर ही गोष्ट विनोदी झाली नसती.

तेव्हा वाचकहो, पुढच्या खेपेला कोणी तुमच्यासमोर ग्लास, आरसा, अंगठी किंवा आणखी काही धरलं, तर भक्तिभावाने वाकण्याआधी एकच विचारा: हे कधी 'नाही' म्हणतं का? बायकोला, नवऱ्याला आणि सोड्याच्या बाटलीला जे एकच उत्तर देतं, त्याला तपासणी म्हणत नाहीत. आणि ज्या बाईला आपली शेवटची खरी तपासणी कधी झाली ते आठवत नसेल, तिने फुंकत बसू नये. उठावं, आणि दवाखान्यात फोन लावावा.